नागपूरच्या कारखान्यासाठी समुद्रमार्गे मशीन मागवताना: भाड्याआधी बीएलचा विचार करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंगणा एमआयडीसीत नमकीनचं युनिट आहे. चीनमधल्या वेंझोऊच्या सप्लायरकडून पाउच पॅकिंग मशीन, कन्व्हेअर आणि मल्टिहेड वेअर (माल वजन करून सोडणारं यंत्र) असा सेट पहिल्यांदाच मागवताय. माल निंगबोहून निघेल, साधारण 18 सीबीएम (घनमीटर) आणि साडेचार टन. सप्लायर म्हणतो सीआयएफ न्हावा शेवा घ्या (भावात तिथपर्यंतचं भाडं आणि विमा धरलेला), एफओबीपेक्षा (भावात तिकडे जहाजावर चढवेपर्यंतचाच खर्च) जेमतेम फरक पडतो. तुम्हाला विचारायचंय की सीआयएफ घ्यावं का, एलसीएल (दुसऱ्यांच्या मालासोबत वाटून घेतलेला कंटेनर) की पूर्ण कंटेनर (एफसीएल), आणि क्लिअरन्स न्हावा शेवाला करावं की नागपूरला.

मी बरीच वर्षं नागपुरात कस्टम ब्रोकरचं काम करतोय. विदर्भातला नवा आयातदार जवळपास नेहमी जहाजाच्या भाड्यापासून सुरुवात करतो, आणि त्याचा पैसा जातो तो जहाज बंदराला लागल्यानंतर. आपण समुद्रापासून साडेआठशे किलोमीटर आत बसलोय. त्यामुळे माझं पहिलं सांगणं हे की बुकिंग होण्याआधी बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती), म्हणजे बीएलवर, काय छापलं जाणार आहे ते ठरवा. पोर्ट ऑफ डिस्चार्ज न्हावा शेवा असेल, पण प्लेस ऑफ डिलिव्हरीच्या रकान्यात काय असेल? तिथे आयसीडी नागपूर (बंदरापासून आत, कस्टमची सोय असलेला कंटेनर डेपो) असेल, तर कंटेनर इथपर्यंत आणायची जबाबदारी शिपिंग लाइनची. लाइन कंटेनरच्या मॅनिफेस्टमध्येच (कस्टमला दिलेली मालाची यादी) नागपूर दाखवते, ट्रान्सशिपमेंट परमिट (बंदरावर ड्युटी न भरता माल पुढे न्यायची परवानगी) निघतं, माल कस्टमच्या बाँडखाली रेल्वेने येतो, तपासणी आणि ड्युटी सगळं इथे होतं. तो रकाना रिकामा असेल किंवा तिथेही न्हावा शेवाच असेल, तर माल बंदरावर उतरल्यावर पुढचं सगळं तुमच्या गळ्यात.

‘नंतर बदलून घेऊ’ असं पुष्कळ जण म्हणतात. बदलता येतं, पण लाइनची परवानगी, मॅनिफेस्टची दुरुस्ती, तिचं शुल्क, आणि हे होईस्तोवर बंदरावर चढत जाणारं ग्राउंड रेंट, म्हणजे जागेचं भाडं. सप्लायरला आज एक ओळीचा मेल टाकलात तर जे फुकट होतं, त्यासाठी तेव्हा आठवडा जातो.

आता सीआयएफ की एफओबी. माझं स्पष्ट मत: पहिल्याच आयातीला सीआयएफ घेऊ नका. सीआयएफचा भाव गोड दिसतो, कारण तिकडचा फॉरवर्डर (वाहतूक जुळवून देणारा मध्यस्थ) भाडं कमी दाखवतो आणि ते इकडच्या त्याच्या एजंटमार्फत वसूल करतो. माल आला की त्या एजंटकडून बिल येतं: डीओ (डिलिव्हरी ऑर्डर, माल सोडायचा आदेश) चार्जेस, हँडलिंग, डॉक्युमेंटेशन, आणखी काय काय. डीओ त्याच्याच हातात असतो. डिलिव्हरी ऑर्डरशिवाय कंटेनर हलत नाही, म्हणून घासाघीस करायला जागाच उरत नाही. एलसीएलमध्ये हा प्रकार सगळ्यात जास्त. तुम्ही एफओबी निंगबो घेतलंत, तर फॉरवर्डर तुम्ही नेमता, भाडं तुम्ही ठरवता, आणि इथे काय काय लागेल ते आधीच कागदावर मागून घेता. कंटेनरच्या मालासाठी नियमाच्या भाषेत एफसीए जास्त योग्य आहे, कारण माल जहाजावर चढायच्या आधीच कंटेनर यार्डात सोपवला जातो. पण चिनी सप्लायरला एफओबीची सवय आहे आणि व्यवहारात तेवढ्यावर निभावतं. एक्सवर्क्सच्या (सप्लायरच्या दारातूनच माल उचलायचा) वाटेला मात्र जाऊ नका. तिकडची निर्यात क्लिअरन्स आपल्या माथी घ्यायची काहीच गरज नाही.

फॉरवर्डरकडून कोटेशन मागताना ते ‘निंगबो ते आयसीडी नागपूर’ असं मागा. त्यात समुद्री भाडं, न्हावा शेवाचं टीएचसी (टर्मिनलवरच्या हाताळणीचं शुल्क), रेल्वेचं इनलँड हॉलेज (बंदरापासून नागपूरपर्यंतचं भाडं), लाइनचा डीओ, फॉरवर्डरचा स्वतःचा डीओ हे वेगवेगळं लिहिलेलं असू द्या. फ्री डेज किती, हेही त्याच कागदावर. हाउस बीएल (फॉरवर्डरने स्वतः काढलेला) निघणार असेल तर डीओ दोन लागतात, एक लाइनचा आणि एक फॉरवर्डरचा. हे बऱ्याच जणांना माल आल्यावर कळतं.

फ्री डेजबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण खरी गळती इथेच होते. कंटेनर लाइनचा असतो, तुम्हाला तो काही दिवस फुकट वापरायला मिळतो. ते दिवस संपले की डॉलरमध्ये डिटेन्शन सुरू होतं, आणि दर दिवसागणिक टप्प्याटप्प्याने वाढत जातो. जागेचं भाडं त्याहून वेगळं: बंदर, सीएफएस (बंदराजवळचं कंटेनर उघडायचं गोदाम) किंवा आयसीडीवर माल पडून राहिला तर ग्राउंड रेंट, आणि तो रुपयात. दोन्ही मीटर एकाच वेळी चालू असू शकतात. नागपूरच्या बीएलमध्ये दिवस कुठून मोजायचे हे लाइनगणिक बदलतं, न्हावा शेवाला उतरल्यापासून की आयसीडीला पोचल्यापासून. रेक (मालगाडी) भरायला वेळ लागला, तर पहिल्या पद्धतीत तुमचे अर्धे दिवस कंटेनर नागपूरला पोचायच्या आधीच संपतात. म्हणून नुसतं ‘14 दिवस फ्री’ यावर समाधान मानू नका, ‘आयसीडीला आल्यापासून 14 दिवस’ असं लिहून घ्या. बुकिंगच्या वेळी लाइन हे देते. माल आल्यावर मागितलं तर हात वर करते.

एलसीएल की एफसीएल याचं उत्तर तुमच्या बाबतीत सोपं आहे. 20 फुटी कंटेनरचं आतलं आकारमान सुमारे 33 सीबीएम, पण खोक्यांचे आकार लक्षात घेता 25 ते 28 सीबीएम भरतो. तुमचे 18 सीबीएम त्यात आरामात बसतात आणि साडेचार टन वजन त्याला काहीच नाही. साधारण 13 ते 15 सीबीएमच्या पुढे पूर्ण कंटेनर तसाही परवडायला लागतो. पण समजा हिशोबात एलसीएल थोडं स्वस्त निघालं, तरी मशीनसाठी मी ते सुचवणार नाही. एलसीएलचा माल तिकडच्या गोदामात चढतो, इकडच्या सीएफएसला उतरतो, पुन्हा ट्रकमध्ये चढतो. शिवाय त्याच कंटेनरमधल्या दुसऱ्या कोणाच्या मालावर कस्टमने हरकत घेतली की तुमचं मशीनही थांबतं.

एक गोष्ट मात्र सप्लायरला आजच विचारा: प्रत्येक क्रेटची लांबी, रुंदी, उंची. 20 फुटीच्या दाराची उंची साधारण 2.28 मीटर असते, 40 फुटी हाय क्यूबची 2.58 मीटर. उभं पाउच मशीन आणि वर वेअर असा संच जोडलेल्या अवस्थेत यात जात नाही, सुटा करूनच येतो. तरी एखादा क्रेट 2.35 मीटरचा निघाला, की लोडिंगच्या दिवशी सप्लायर परस्पर 40 फुटी घेतो आणि फरकाचं बिल तुमच्याकडे येतं.

नागपूरला क्लिअर करायचं की न्हावा शेवाला? पूर्ण कंटेनर, मशिनरी, आणि कारखाना हिंगण्याला, म्हणजे नागपूर. तपासणीला तुम्ही आणि तुमचा फिटर दोघंही हजर राहू शकता. ट्रेलर दिवसभरात येऊन जातो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रिकामा कंटेनर इथेच जमा होतो. न्हावा शेवाच्या बीएलवर कंटेनर रस्त्याने आणलात, तर रिकामा परत तिथे पोचवायचं भाडंही तुमचंच. ते टाळायला लोक सीएफएसला माल उतरवून साध्या ट्रकने आणतात, आणि मशीनला मार लागतो तो नेमका तिथे. जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही अजनीचा डेपो असतो. मिहानला कॉनकॉरचं (रेल्वेच्या कंटेनर कंपनीचं) टर्मिनल आहे, बोरखेडीलाही आयसीडी आहे. तुमची लाइन कंटेनर नेमका कुठे आणते ते बुकिंगच्या वेळीच विचारा, कारण बीएलवर नुसतं ‘नागपूर’ असून भागत नाही.

न्हावा शेवा केव्हा? माल एलसीएल असेल तेव्हा, किंवा खरोखर तातडी असेल तेव्हा. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला, 701 किलोमीटरचा पूर्ण रस्ता मिळाला, आणि रेल्वेच्या रेकची वाट न बघता ट्रक लवकर येतो. तुमचं मशीन ठरावीक तारखेला लागायलाच हवं असेल तर याचा विचार करा. एरवी रेल्वे.

आता कस्टम. आयईसी (आयात-निर्यात कोड) काढलंय असं तुम्ही लिहिलंय. ते दर वर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर अपडेट करावं लागतं, बदल काही नसला तरी. नाही केलं तर कोड बंद पडतो आणि हे कळतं माल आल्यावर.

ड्युटीचा हिशोब असा मांडा. समजा मशीनची किंमत, भाडं आणि विमा मिळून 28 लाख रुपये झाले आणि मूळ सीमाशुल्क 7.5 टक्के आहे. ते झालं 2,10,000. त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 21,000. आता 28 लाखांत हे दोन्ही मिळवून 30,31,000, आणि त्यावर 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे 5,45,580. एकूण 7,76,580 रुपये. यातल्या आयजीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळतं, म्हणून खरा खर्च 2,31,000. पण भरताना सगळी रक्कम एकदम लागते आणि बँकेत ती तयार हवी. बिल ऑफ एन्ट्री (कस्टमकडे भरायचं आयातीचं घोषणापत्र) असेस होऊन परत आल्यावर पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत ड्युटी भरायची असते, नंतर वर्षाला 15 टक्क्यांनी व्याज.

एफओबी घेतलंत तर भाड्याचं बिल किंवा सर्टिफिकेट फॉरवर्डरकडून मागून घ्या. भाड्याचा पुरावा नसेल तर मूल्यनिर्धारणाच्या नियमाप्रमाणे एफओबी किमतीच्या 20 टक्के भाडं धरलं जातं, आणि विम्याचा पुरावा नसेल तर 1.125 टक्के. 25 लाखांच्या मशीनला 5 लाख भाडं धरलं गेलं, तर न दिलेल्या भाड्यावर तुम्ही ड्युटी भरता.

वर्गीकरणाकडे नीट लक्ष द्या. पॅकिंग मशिनरी 8422 खाली येते. वजन करणारं यंत्र स्वतंत्र आलं तर 8423. पण एकाच ठरावीक कामासाठी जोडून चालणारा संच असेल तर तो एकत्र, मुख्य कामाच्या शीर्षकाखाली बसवता येतो. त्यासाठी सगळा संच एकाच इन्व्हॉइसवर, एकाच कंटेनरमध्ये यावा. वेअर मागून पाठवतो असं सप्लायर म्हणाला तर नाही म्हणा. शिवाय वजनमापाचं उपकरण आयात करणाऱ्याला वैधमापनशास्त्र कायदा 2009 च्या कलम 19 खाली नोंदणी लागते. तुमच्या वेअरला ती आणि मॉडेलची मंजुरी लागू होते का, हे ऑर्डर पक्की करण्याआधी तुमच्या ब्रोकरला मॉडेलचा कॅटलॉग दाखवून विचारा. बीआयएसचंही (भारतीय मानक ब्यूरो) तसंच. गुणवत्ता नियंत्रणाचे आदेश सतत येत असतात, त्यांच्या तारखा पुढे-मागे होतात, आणि माल अंगणात आल्यावर प्रमाणपत्र मिळत नसतं.

ऑक्टोबर 2020 पासून असेसमेंट देशभर फेसलेस आहे. तुमचा कंटेनर नागपूरला असेल, पण तुमची बिल ऑफ एन्ट्री बघणारा अधिकारी चेन्नईत किंवा कोलकात्यात बसलेला असू शकतो. त्याला मशीन दिसत नाही, दिसतात फक्त कस्टमच्या ई-संचित पोर्टलवर चढवलेले कागद. इन्व्हॉइसवर नुसतं ‘पॅकिंग मशीन 1 सेट’ लिहिलं असेल तर तो शंका काढणारच, आणि एका शंकेचे दोन-तीन दिवस. म्हणून इन्व्हॉइसवर मॉडेल, सिरियल नंबर, नवीन असल्याचा उल्लेख, प्रत्येक भागाची वेगळी किंमत. सोबत कॅटलॉग, आणि हे यंत्र काय करतं ते सांगणारं अर्ध्या पानाचं टिपण. हे टिपण ब्रोकरवर सोडू नका, तुम्ही स्वतः लिहा. तुमच्याइतकं ते मशीन दुसऱ्या कोणाला कळत नाही.

बंदरावर उतरणाऱ्या मालाची बिल ऑफ एन्ट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसअखेरपर्यंत भरायची असते. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि त्यानंतर रोज 10,000 रुपये. महिनाभर आधीही भरता येते. नागपूरला क्लिअर करायचं असलं तरी ‘गाडी इकडे येऊ द्या मग बघू’ असं करू नका, जहाज निघालं की कागद ब्रोकरच्या हातात द्या.

लाकडाची गोष्ट लहान वाटते, पण तिच्यावरून पुष्कळ कंटेनर अडतात. क्रेट किंवा पॅलेट कच्च्या लाकडाचं असेल तर त्यावर आयएसपीएम-15 चा (लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा) शिक्का हवा: चौकटीत गव्हाच्या लोंबीचं चित्र, शेजारी उभी आयपीपीसी ही अक्षरं, देशाचा कोड, आणि एचटी किंवा एमबी, म्हणजे उष्णता दिलीय की धुरी. शिक्का जळका किंवा रंगाचा असतो आणि तो वाचता यायला हवा. बोल्ट ओढताना फळी फुटून अर्धा शिक्का गेलेला असला तरी प्लांट क्वारंटाइनवाले प्रश्न विचारतात. सप्लायरकडून लोडिंगच्या आधी प्रत्येक क्रेटच्या दोन बाजूंचे जवळून काढलेले फोटो मागा. प्लायवूडच्या क्रेटला हा नियम लागू नाही, पण त्याच्या खालच्या दांड्या बहुधा घनलाकडाच्याच असतात आणि सप्लायरला ते ध्यानात राहत नाही. आतमध्ये मशीन व्हॅक्यूम बॅगमध्ये आणि सोबत ओलावा शोषणाऱ्या पुड्या, हेही ऑर्डरमध्ये घाला. पावसाळ्यात कंटेनरच्या छताला आतून पाणी सुटतं आणि ते थेट कंट्रोल पॅनलवर टपकतं.

विमा स्वतः घ्या, आणि तो वेंझोऊच्या गोदामापासून हिंगण्याच्या तुमच्या शेडपर्यंतचा घ्या. सीआयएफमध्ये सप्लायरवर बंधन असतं ते किमान कव्हरचं, म्हणजे क्लॉज सी. त्यात चोरी बसत नाही, आदळआपटीत झालेली साधी मोडतोड बसत नाही. तुम्हाला क्लॉज ए, म्हणजे सगळ्यात मोठं कव्हर हवं, मूल्याच्या 110 टक्क्यांचा. मे 2025 मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ एमएससी एल्सा 3 हे जहाज 640 कंटेनर घेऊन बुडालं. 2021 मध्ये सुएझमध्ये अडकलेलं एव्हर गिव्हन सहा दिवसांत सुटलं, पण मालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केलं. म्हणजे सुटकेच्या खर्चात प्रत्येक मालधन्याचा वाटा, आणि त्याची हमी दिल्याशिवाय माल मिळत नाही. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते. नसेल तर तुम्हाला रोख अनामत भरावी लागते, तुमच्या मालाला ओरखडाही नसताना. मशीनच्या किमतीपुढे विम्याचा हप्ता किरकोळ असतो, तिथे काटकसर करू नका.

पैसे देताना 30 टक्के आगाऊ आणि 70 टक्के बीएलची प्रत बघून, ही पद्धत ठीक आहे. पण बाकीचे 70 टक्के द्यायच्या आधी मशीन तुमच्याच फिल्मवर, तुमच्याच शेवेसारख्या मालावर चाललेलं व्हिडिओ कॉलवर बघा. बीएलच्या मसुद्याची प्रत मागून कन्साइनीचं (माल घेणाऱ्याचं) नाव, जीएसटी क्रमांक, आणि वर सांगितलेला तो प्लेस ऑफ डिलिव्हरीचा रकाना तपासा. पैसे पोचल्यावर टेलेक्स रिलीज (मूळ बीएलशिवाय माल सोडायची सूचना) घ्या. मूळ बीएल कुरिअरने येईपर्यंत जहाज लागून गेलेलं असतं. आणि मध्येच ‘आमचं बँक खातं बदललं, नव्या खात्यात पाठवा’ असा मेल आला तर पैसे पाठवू नका. आधी ओळखीच्या नंबरवर फोन करून, माणसाचा आवाज ऐकून खात्री करा. या एका मेलपायी भले भले बुडालेत.

वेळेबद्दल: निंगबोहून न्हावा शेवा साधारण तीन आठवडे धरा, त्यावर बंदर, रेक, रेल्वे आणि क्लिअरन्स. चिनी नववर्षाच्या आधी सगळ्यांनाच माल काढायचा असतो, जागा मिळत नाही, भाडं चढतं, आणि सुट्टीत कारखाने बंद. दिवाळीच्या मालासाठी मशीन हवं असेल तर उन्हाळ्यातच बुकिंग लावा.

शेवटी कंटेनर तुमच्या दारात येईल त्या दिवसाबद्दल. ट्रेलरवरच्या कंटेनरचा तळ जमिनीपासून जवळपास दीड मीटर उंच असतो, आणि हिंगण्यातल्या बहुतेक शेडला डॉक नाही. मशीन आतल्या बाजूला असेल तर हायड्रा क्रेनचा हूक तिथपर्यंत जात नाही, कारण वर छत आहे. क्रेटला साखळी बांधून तो दारापर्यंत ओढावा लागतो, मग फोर्कलिफ्टने किंवा हायड्राने उतरवायचा. म्हणून सप्लायरला जड क्रेट दाराकडे, हलका माल आत, असं लोडिंग करायला सांगा आणि क्रेटवर गुरुत्वमध्याची खूण मागा. सील कापण्याआधी दाराचा फोटो, सीलचा नंबर आणि कंटेनर नंबर एकाच फ्रेममध्ये येईल असा. तपासणीत कस्टमने सील बदललं असेल तर नवा नंबर कागदावर असतो, तो जुळवा. खोकं फुटलेलं दिसलं तर उतरवणं तिथेच थांबवा, विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअर येऊ द्या. सही करताना ‘माल चांगल्या स्थितीत मिळाला’ असं लिहून देऊ नका.

मग रिकामा कंटेनर झाडून, आतले खिळे काढून त्याच दिवशी यार्डात जमा करा आणि पावती घ्या. लाइनकडे ठेवलेली अनामत त्याच पावतीवर परत मिळते. बिल ऑफ एन्ट्री रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस या आयात-नोंद प्रणालीत तुमच्या पेमेंटशी जुळवून घ्यायला बँकेला सांगा. ती नोंद उघडी राहिली तर पुढच्या मशीनचा अ‍ॅडव्हान्स पाठवताना बँक अडवते.